‘बदल नाही’ची नोंद

ज्या प्रोग्रॅमवर काही वर्षं माझं घर चाललं, त्यातल्या माझ्या स्वतःच्या ओळी फार थोड्या. बाकीचं काम रॉको कॅप्युटो आणि जेफ बिस्बी यांचं. कॅप्युटोंनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पर्ल या भाषेसाठी पीओई नावाची लायब्ररी लिहिली. बिस्बींनी तिच्या आधाराने बातम्यांचे फीड आणून त्यांच्यावर लक्ष ठेवणारा घटक रचला. दोघांनीही आपलं काम सीपॅन या पर्लच्या सार्वजनिक भांडारात ठेवलं, ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून. या दोघांना मी कधी भेटलेले नाही, भेटेन असंही वाटत नाही. तिसरं ऋण मात्र शेजारच्या वाडीतल्या नानांचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले नाना, संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही. तरी त्या प्रोग्रॅममधला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो त्यांच्या वहीतून आलेला आहे.

2006च्या सुमाराची गोष्ट. आईच्या आजारपणामुळे मुंबईची नोकरी सोडून मी गावी, अलिबागजवळच्या किहीमला परतले होते. एका छोट्या कार्यालयाने काम दिलं: कोकणाशी संबंधित बातम्या निरनिराळ्या संकेतस्थळांवरून वेचून रोज पाठवायच्या. टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, पावसाळ्यात तेही बेभरवशाचं, आणि वीज जायची ती वेगळीच. बऱ्याच मराठी संकेतस्थळांचे तेव्हा आपापले फॉन्ट असत. युनिकोडमध्ये नसलेला मथळा उतरवून घेतला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी हाती येई. ज्यांचे फीड युनिकोडमध्ये होते, त्यांच्यावर माझी भिस्त.

फीड म्हणजे मथळे, दुवे आणि वेळा एका ठरावीक साच्यात मांडलेली साधी फाइल. आरएसएसचा पहिला साचा नेटस्केपने 1999मध्ये काढला, आरएसएस 2.0 हा 2002चा. फीड आपल्याकडे चालत येत नाही. आपणच पुन्हा पुन्हा जाऊन ‘काही नवीन?’ असं विचारायचं असतं. माझा आधीचा प्रोग्रॅम एकाला विचारून त्याचं उत्तर येईस्तोवर थांबे, मग दुसऱ्याकडे वळे. पर्लच्या नेहमीच्या लायब्ररीत ही थांबण्याची मुदत न सांगता 180 सेकंदांची असते. एखादा सर्व्हर आजारी पडला की रांगेतले बाकीचे सगळे खोळंबत आणि फोनचं बिल वाढत राही.

पीओईने ही रांगच मोडली. तिच्या मध्यभागी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. सगळ्यांना एकदमच विचारून ठेवायचं आणि कुणाचं काय झालं की काय करायचं, ते कर्नलला सांगून ठेवायचं. ज्याचं उत्तर येईल, त्याच्यासाठी लिहिलेला तेवढाच तुकडा चालतो आणि लगेच बाजूला होतो. हे बाजूला होणं फार महत्त्वाचं. एखादा तुकडा आपल्याच कामात रेंगाळला, तर सगळे थांबतात, कारण काम करणारा प्रत्यक्षात एकच आहे. कॅप्युटोंच्या लायब्ररीच्या जोडीला सर्व्हरचा पत्ता शोधण्यासाठीही वेगळा घटक आहे, नाहीतर नुसत्या पत्ता शोधण्यातच सगळं अडकून पडतं. इतक्या बारीक जागी कुणीतरी आपल्या आधी विचार करून ठेवलेला सापडला की मन भरून येतं. माझं तरी आलं होतं.

बिस्बींच्या घटकाचं काम त्यापुढचं. प्रत्येक फीड किती वेळाने तपासायचा ते सांगितलं की तो फीड आणतो, आधी पाहिलेले मथळे लक्षात ठेवतो आणि नवे तेवढेच हातात देतो. ऐकायला सोपं आहे. पण ‘नवा’ कशाला म्हणायचं? वर्तमानपत्रं सकाळचा मथळा दुपारी बदलतात. दुवा तोच, शब्द वेगळे. ही नवी बातमी की जुनीच?

हा प्रश्न घेऊन मी एका संध्याकाळी नानांच्या पडवीत बसले होते, कारण नानांना तसाच प्रश्न पडत असे, सुगरणींच्या घरट्यांबाबत.

किहीमला या पाखरांचा मोठा इतिहास आहे. 1930मध्ये सलीम अली हाताला नोकरी नसताना इथे राहायला आले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडीवर, आडोशात बसून त्यांनी तासन् तास निरीक्षण केलं. घरटं विणतो नर. ते अर्धवट झालं की मादी येऊन पाहून जाते, पसंत पडलं तर मुक्काम करते, मग नर ते पुरं करतो. आणि ती अंड्यांवर बसली की शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये 1931मध्ये हे प्रसिद्ध झालं. कोणतं घरटं कुणाचं, काल कुठवर आलं होतं, आज काय वाढलं, याची घरट्यागणिक नोंद असल्याशिवाय हे कळणं शक्यच नव्हतं. नानांनी हे वाचलं होतं, आणि दर पावसाळ्यात ते विहिरीवरच्या शिंदीच्या झाडाखाली वही घेऊन जात.

“वाऱ्याने घरटं पडलं आणि त्याच झावळीला पुन्हा विणायला लागला, तर नंबर तोच की नवा?” मी विचारलं.

“गाठ कुठली ते बघायचं, पोरी. जुन्या गाठीवरनं पुढं विणलं तर नंबर तोच. गाठच नवी मारली तर घरटं नवं.”

मी दुव्याला गाठ मानलं. मथळा कितीही बदलो, दुवा तोच असेल तर बातमी तीच. फीड लिहिणाऱ्याने स्वतंत्र ओळखक्रमांक दिला असेल, तर तो दुव्याच्याही वरचा.

पण खरं देणं वहीच्या पानांवर होतं. प्रत्येक घरट्यापुढे तारखांचे चौकोन. काहींत ‘ब. ना.’, काही नुसते कोरे. “ब. ना. म्हणजे बदल नाही,” नाना म्हणाले. “कोरं म्हणजे मी गेलोच नाही. पाऊस होता, नाहीतर अंगात ताप होता. दोन्ही सारखं लिहिलं तर वही खोटं बोलायला लागते.”

वेबवरही ही दोन उत्तरं वेगळीच आहेत. मागच्या खेपेची खूण सोबत पाठवून विचारलं, तर सर्व्हर 304 असा आकडा पाठवतो: बदललेलं नाही. सर्व्हर बंद असेल तर काहीच येत नाही. नवे मथळे मोजायला गेलं तर दोन्हीकडे शून्य. नानांकडून आल्यावर मी पडद्यावर दोन वेगळे रकाने केले, ‘बदल नाही’ आणि ‘उत्तर नाही’. कार्यालयाला ते इतके आवडले की पुढची कामं त्यामुळेच मिळत गेली.

1 जुलै 2013ला गूगल रीडर बंद झाला आणि फीडचा काळ संपला असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. वाचणाऱ्याने आपणहून विचारायचं, लिहिणाऱ्याने जेवढं आहे तेवढंच द्यायचं, मध्ये पाळत ठेवणारं कुणी नाही. बातमीची याहून सभ्य देवघेव मी पाहिलेली नाही. पॉडकास्ट अजून याच वाटेने लोकांपर्यंत पोचतात.

3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. मी तेव्हा पुण्यात होते, टाळेबंदीत. दुपारपर्यंत हवामान खात्याच्या बातम्या एकामागून एक येत होत्या: वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर. मग किहीमचे फोन लागेनासे झाले. बातम्या येतच होत्या, नारळी-पोफळी, सुरू, विजेचे खांब पडल्याच्या. आमच्या वाडीचं मात्र कुणाकडूनच काही नाही. नातेवाईक म्हणत होते, वाईट कळलं नाही म्हणजे सगळं ठीक असणार. मला तसं म्हणता येईना. तो चौकोन कोरा होता. मी अलिबागच्या ओळखीच्यांना फोन लावत राहिले. अखेर एकजण मोटारसायकलवरून, आडवी झाडं चुकवत जाऊन आला. नाना सुखरूप होते. कौलं उडाली होती, शिंदीचं झाड विहिरीत पडलं होतं.

नंतर मी प्रोग्रॅममध्ये एक बदल केला. उत्तर न देणारे फीड यादीच्या तळाशी जात, ते सर्वांत वर आणले. नानांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “वर आणून ठेवलंस, चांगलं केलंस. पण विचारलंस का त्यांना?”

तेव्हापासून विचारते. पहिलं पत्र रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांना गेलं. भातशेतीवर नेमाने लिहिणारं त्यांचं संकेतस्थळ मे महिन्यापासून गप्प होतं. पंधरवड्याने त्यांच्या मुलीचं उत्तर आलं: बाबा आजारी होते, संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदणीचे पैसे भरायचे राहून गेले, कुणी वाचत असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पैसे कुठे आणि कसे भरायचे ते मी तिला कळवलं.