ताईची विळी आणि चंद्राचा हिशेब

आमची थोरली ताई मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. १६ जुलै २००० ला आषाढी पौर्णिमेच्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होते. ताई तेव्हा सातव्या महिन्यात. दिवसभर आवणी करून घरी आली आणि विळीवर भाजी चिरून तिने सगळ्यांना जेवू घातले. सप्टेंबरात मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ फाटलेला होता. पुढे ऑपरेशन झाले, पोरगा शिकला, कामाला लागला. पण "ग्रहणात विळी धरलीस" हे बोलणे ताईने पंचवीस वर्षे ऐकले. वाईट याचे, की तिलाही ते खरे वाटत होते.

मी बी.कॉम. झालेला कारकून. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात, असे मीही चाळिशीपर्यंत धरून चाललो होतो. शहापूरला रविवारी आम्ही विहारात मुलांचा वर्ग घेतो. तिथे एका मुलीने विचारले, "काका, मग अमावस्या आणि ग्रहण यात फरक काय?" उत्तर देता येईना, म्हणून वाचायला बसलो.

चंद्राची एक बाजू सूर्याने कायम उजळलेलीच असते. साडेएकोणतीस दिवसांत त्या उजेडाचा जेवढा हिस्सा आपल्याला दिसतो, ती त्या दिवसाची कला. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात, आणि तेही पौर्णिमेलाच. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

आपल्या चांद्रयान-१ ने २००८ साली चंद्राची छायाचित्रे घेतली. जून २००९ मध्ये नासाने सोडलेल्या यानाने सेकंदाला २८ वेळा लेसर किरण खाली टाकले आणि ते परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून डोंगर किती उंच, खड्डे किती खोल ते मोजले. त्या मापांवरून संगणकात चंद्र उभा केला. मग ज्या तासाचे चित्र हवे, त्या तासाचा सूर्य जागेवर ठेवायचा. कोणत्या डोंगराची सावली कुठे पडते ते दिसते. दर तासाला एक, म्हणजे वर्षाची ८,७६० चित्रे. आमच्या ऑफिसच्या खतावणीपेक्षा चोख काम! पावसाळ्यात चार महिने चंद्र ढगाआड असतो, पण मोबाइलवर तो त्या घटकेला कसा आहे ते मुलांना दाखवता येते.

७ सप्टेंबर २०२५ ला पुन्हा खग्रास ग्रहण आले. ताईची सून गरोदर. ताईचा फोन आला, "तू ये बाबा. पोरीला कोपऱ्यात बसवायचं का नाही, तूच सांग." रविवार होता. एसटी धरून गेलो.

संध्याकाळी बल्ब लावला, हातात चेंडू घेऊन गोल फिरलो. सूनबाईला कला कळल्या, सावलीही कळली. मग मी म्हटले, "ताई, आता तुझा हिशेब. पोटातल्या बाळाचा ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात. ग्रहण लागलं तेव्हा तुझा कितवा महिना होता?"

ताईने बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. "म्हणजे त्याच्या आधी पाच महिने..." एवढे म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला. मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "आई, मला कधीच तुझा राग नव्हता."

रात्री अकरानंतर ढगांत फट पडली. चंद्र तांबूस झाला होता. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो, सूनबाईसुद्धा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आत्याबाई, भूक लागली." ताई आत गेली, विळी मांडली आणि कांदा चिरायला बसली.

आया-बहिणींनो, गरोदर पोरीला ग्रहणात उपाशी ठेवू नका. तिला आरोग्य केंद्रात वेळेवर न्या, तिथल्या गोळ्या चुकवू देऊ नका. आणि कुणी एखाद्या बाईला दोष दिलाच, तर आधी त्याला तारखा विचारा.