बरणीचा तळ

डोंबिवलीत जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली, की आधी माळे रिकामे होतात. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे मोडीत चांगला भाव देतात, म्हणून ते जपून बाजूला काढले जातात. चिनी मातीच्या बरणीला मात्र कुणी विचारत नाही. मॉड्युलर किचनच्या कप्प्यात तिची उंची मावत नाही. मग ती जिन्याखाली येते आणि तिथून माझ्या घरी. ठाण्याचा नौपाडा असो की कल्याणचा पारनाका, बरणी दिसली की माझा पाय निघत नाही. घरच्यांनी आता हात टेकलेत.

बरणी हाती आली की मी ती आधी उलटी करते. तळाच्या कडेला झिलई नसते, उघडी खरखरीत माती बोटाला लागते. भट्टीत झिलई वितळते. तळाच्या कडेला ती राहिली, तर बरणी खालच्या लादीलाच चिकटून बसेल. म्हणून कारागीर तेवढी कड पुसून घेतो. वर तपकिरी खांदे, खाली दुधी अंग. दोन रंग मिळतात तिथे एखादा ओघळ थिजलेला असतो. कुणाचा तरी हात क्षणभर जास्त रेंगाळला, त्याची ती खूण. मग टिचकी मारायची. धड बरणी खणखणीत वाजते, तडकलेली बद्द.

बरण्यांबरोबर हाती आलेल्या कपबश्यांच्या बुडाशी कधी ग्वाल्हेरचा, कधी बेंगॉल पॉटरीजचा शिक्का सापडतो. सौराष्ट्रात मोरबी-थानगढकडे चिनी मातीच्या भांड्यांचा धंदा रुजवण्यात परशुराम गणपुले या मराठी माणसाचा मोठा वाटा होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? तिकडे ऑस्ट्रेलियात १९३०च्या दशकातल्या मेलबर्नच्या ‘रेम्यूड’ची, निलगिरीची पानं-फळं चिकटवलेली शोभेची भांडी लोक हौसेनं जमवतात. आपल्याकडेही १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी जे. जे. कलाशाळेत असं शोभेचं मातीकाम सुरू केलं. अजिंठ्याची नक्षी ल्यालेली तिथली भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात काचेआड आहेत. ती बघण्यासाठीच घडली होती, त्यांचं ठीक आहे.

बरणी घडली ती लोणच्यासाठी. मीठ आणि आंबटपणा धातूला खातात, झिलईला नाही. म्हणून कैरी तिच्यात वर्षभर निभावते. माझ्या संग्रहातल्या धड बरण्या म्हणूनच शोभेला नाहीत, वापरात आहेत. रिकामी बरणी नुसती जागा अडवते, हे घरच्यांचं म्हणणं मला पटतं.

तेव्हा माळा आवरताना भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बरणी उलटी करा, तळ बघा, टिचकी मारा. खणखणीत वाजली तर धुऊन कडक उन्हात वाळवा, हिंगाची धुरी द्या आणि यंदाचं लोणचं तिच्यातच घाला. बद्द वाजली, तर माझ्याकडे पाठवा.