सडपातळपणाचा भरवसा

कलबुर्गी

ती. सौ. वहिनींस,

दादांना साखरेचा आजार असला तरी चिरंजीव सडपातळ असल्याने त्याला तो होण्याची भीती नाही, हा आपल्या पत्रातील निष्कर्ष भालकी, औराद, आळंदकडच्या बहुतेक घरांत काढला जातो. परंतु भारतीय शरीराविषयी जे संशोधन झाले आहे, ते या भरवशाला दुजोरा देत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांहून जवळजवळ ८०० ग्रॅम कमी आढळले, तरी स्नायू जितके कमी होते तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप छापले: दोघांचा देहभारांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. अशा शरीरात इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिन असूनही पेशींनी रक्तातील साखर पुरेशी न उचलणे, वजन न वाढताही सुरू होऊ शकतो. मानेमागचा काळसर, मखमली पट्टा हे त्याचे एक लक्षण असते, आणि घरोघरी तो मळ समजून घासला जातो.

चिरंजीवाची पी.यू.सी. (अकरावी-बारावी) आणि नीटच्या तयारीची दोन वर्षे नेमकी इथे आड येतात. खाल्लेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि वसतिगृहातला मुलगा दिवसभर बाकावर बसून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी सांगितलेली रोजची ६० मिनिटांची हालचाल वेळापत्रकात कुठेच बसत नाही. जाग्रणाने हाच प्रतिरोध वाढतो.

जाग्रणाबरोबर जागे राहण्यासाठी चघळलेली सुपारी येते, आणि तिचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत शेजारीशेजारी लटकू लागले; तंबाखूविक्रीसाठीची वयोमर्यादाही आता २१ झाली आहे, पण ‘नुसती सुपारी’ घरात कोणी व्यसनात धरत नाही. (लग्नाच्या तबकात जिला मान, तिच्यावर संशय घ्यायचा कोणी?) प्रत्यक्षात तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगजनक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचून ते ताठर होते व तोंड कमी उघडू लागते. यास मुखतंतुमयता म्हणतात, सुपारी सोडल्यावरही ती सहसा पूर्ववत होत नाही, आणि पुढे तिच्यातून कर्करोग उद्भवू शकतो. पहिली खूण म्हणजे तोंडाला तिखट न सोसणे. सुसला-मिरचीच्या या मुलुखात तिचा दोष मिरचीवर जातो, हे विशेष घातक आहे.

म्हणून चिरंजीव दिवाळीला घरी आल्यावर वजनकाट्यापेक्षा कंबरेचे माप, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर यांकडे पाहावे, आणि त्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात का, हे तपासावे. मावत नसतील तर दंतवैद्याकडे जाण्यास सुट्टी संपण्याची वाट पाहू नये.

 

आपला दीर