ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि वाड्यांचे शहाणपण

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना त्याचे वर्णन ऐकविण्याची आवश्यकता नाही. ज्येष्ठात पारा कधी ४५ अंशांपलीकडे जातो आणि दुपारी ‘लू’ सुटली की रस्ते निर्मनुष्य होतात. अशा प्रदेशात पूर्वजांनी घरे थंड कशी राखली, हे पाहण्यासाठी आम्ही प्रथम किल्ल्यावर गेलो.

राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या मानमंदिराचे दोन मजले जमिनीखाली आहेत. भूगर्भातील उष्णतामान ऋतूंबरोबर फारसे चढत-उतरत नाही, म्हणून तळघर गार राहते. हवेसाठी तेथे झरोके ठेवलेले आहेत. खाली शहरात महंमद घौस यांच्या सोळाव्या शतकातील कबरीभोवती दगडी जाळ्या आहेत. त्या ऊन अडवितात आणि वाऱ्याला वाट देतात.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून ‘लष्कर’ वसले. तेथील जुन्या वाड्यांतही हीच विद्या दिसते. जाड भिंतीत शिरलेली उष्णता आत पोहोचेपर्यंत सायंकाळ होते. रात्री चौकातून तापलेली हवा वर निघून जाते. दक्षिणेचा छज्जा उन्हाळ्यातील डोक्यावरचे ऊन अडवितो, हिवाळ्यातील तिरपे ऊन मात्र आत येऊ देतो. वाळ्याच्या ओल्या पडद्यातील पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते. म्हणूनच दमट पावसाळ्यात पडदा काय किंवा कूलर काय, फारसा उपयोगी पडत नाही.

आता पुष्कळ वाड्यांच्या जागी पातळ भिंतींच्या, सपाट स्लॅबच्या इमारती आल्या आहेत आणि खोलीखोलीत वातानुकूलन यंत्र आले आहे. त्याचा ‘टन’ म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी बाहेर टाकण्याची ती शक्ती होय. स्लॅब जितका तापेल, तितके टन अधिक आणि विजेचे बिलही अधिक.

वाटण्या होतात, तुळयांना वाळवी लागते. वाडा पाडणे कित्येकांना अपरिहार्यच असते. त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु नव्या घराचा नकाशा काढणाऱ्यास गृहस्थाने चार गोष्टी अवश्य सांगाव्यात : गच्चीवर पांढरा चुना, खिडक्यांवर पुरेसा छज्जा, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेस एखादे झाड. वाड्याच्या वाटणीपत्रात या शहाणपणाची नोंद नसते. ते पुढच्या पिढीच्या हाती आपणच दिले पाहिजे.