घासूनपुसून लख्ख!

लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की मागच्या अंगणात बसून राखेनं भांडी घासणं हे माझं ठरलेलं काम. जितकं जोरात घासाल तितकं पातेलं चकाकतं, हा धडा तेव्हाच हाताला लागला. पितळेच्या पातेल्याला तो लागू पडतो. चेहऱ्याला पडत नाही, हे कळायला मात्र मला वयाची तेहतीस वर्षं आणि एका डॉक्टरबाईंची फी खर्च करावी लागली.

तर झालं असं की, गेल्या दिवाळीनंतर मामेबहिणीचं लग्न होतं. तुळशीचं लग्न लागलं की दहा दिवसांत हिचं. फोटो निघणार, आणि आपण? रोज हिंजवडीपर्यंत दुचाकीवर धूळ खायची, मग दिवसभर एसीत वाळायचं. एका शुक्रवारी रिलीज संपवून निघालो आणि लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघितलं. म्हटलं, बास! या वीकेंडला चेहरा साफ करायचाच.

शुक्रवारी रात्री अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब, चांगला दहा मिनिटं. चेहरा गुळगुळीत, मी खूश. शनिवारी सकाळी दाढी आणि रात्री ग्लायकॉलिक अॅसिडचं सीरम. झणझणलं, पण झणझणतंय म्हणजे काम करतंय, असं एका रीलमध्ये ऐकलं होतं. रविवारी स्वयंपाकघरातून लिंबू आणि साखर. सोमवारी सकाळी तोंडावर साधं पाणी मारलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा टोमॅटो! स्टँडअपला कॅमेरा बंद ठेवून 'नेटवर्क डाउन आहे' अशी थाप मारली.

टीममधला एक मित्र म्हणाला, "अरे, केमिस्टकडे एक ट्यूब मिळते. दोन दिवसांत चेहरा क्लीन. आमची वहिनी लावते." ट्यूब आणलीसुद्धा. पण का कोण जाणे, लावण्याआधी ती खिशात घालून स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या अख्ख्या आठवड्यात केलेलं हे एकमेव शहाणपण.

डॉक्टरबाईंनी आधी चेहरा बघितला, मग माझी कर्मकहाणी ऐकली आणि शांतपणे विचारलं, "नक्की काय काढायचं होतं तुम्हाला?"

"डेड स्किन."

"ती डेड स्किन म्हणजे तुमच्या घराची भिंत आहे हो!"

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थांचा चुना. ही भिंत आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवते. नव्या पेशी तळाला तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांनी आपोआप गळून पडतात. वय वाढतं तसा हा वेग मंदावतो, पण काम चालू असतं.

माझ्या डोक्यात लगेच ट्यूब पेटली. अरे, हा तर गार्बेज कलेक्टर! बॅकग्राउंडला आपलं आपण चालतंय. आणि मी तीन दिवसांत तीन वेळा तो बळजबरीनं चालवला, वर वापरात असलेली मेमरीपण उडवली. (खरं तर चार वेळा. दाढीचं ब्लेडसुद्धा वरच्या पेशी खरवडतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.)

ट्यूब बघून मात्र बाईंचा आवाज चढला. तिच्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन औषधं एकत्र होती. "स्टेरॉइडनं लाली दोन दिवसांत जाते, म्हणून लोकांना जादू वाटते. मग लावत राहतात, कातडी पातळ होते आणि बंद केलं की दुपटीनं उसळतं. हे औषध आहे, क्रीम नाही."

उपचार अगदी बोअरिंग होता. चार आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. चेहरा पूर्ण शांत झाल्यावर हवं असेल तर पुढचे नियम, जे मी फोनमध्ये लिहून ठेवलेत:

एका वेळी एकच प्रकार. दाणेदार स्क्रब तरी, नाहीतर अॅसिड तरी. ऊस आठवून देणारं ग्लायकॉलिक किंवा दुधाच्या घराण्यातलं, जरा सौम्य असं लॅक्टिक वरच्या थरावर काम करतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला ते बरं. ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक घरच्या वापराला १० टक्क्यांच्या वर नको. सुरुवात आठवड्यातून एकदा, रात्री. त्याआधी कानाखाली थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट बघायची (टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला काही टाकायचं नाही, हे मला कोणी सांगायला हवं होतं का!). दाढीच्या दिवशी नाही, रेटिनॉलच्या रात्री नाही, सोललेल्या किंवा भाजलेल्या कातडीवर नाही. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन हवंच, कारण ग्लायकॉलिक, लॅक्टिकसारख्या अॅसिडनंतर ऊन जास्त लागतं. आणि लिंबू पोह्यांवर. त्याचा पीएच २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या.

आईला हे काही पटलं नाही. "दिवाळीला उटणं लावतोच की आपण!" मला वाटलं, आता सापडलो. पण विचार केला तर पद्धत बघा ना. आधी भरपूर तेल, मग मऊ उटणं, तेही हलक्या हातानं. आणि मुख्य म्हणजे सणाला. रोज रात्री नाही.

लग्नापर्यंत लाली गेली, पण दोन्ही गालांवर काळपट डाग राहिले. आपल्या सावळ्या कातडीचा हा स्वभावच. जळजळ झाली की ती जास्त रंगद्रव्य बनवते आणि ते डाग काही महिने मुक्काम ठोकतात. म्हणजे उजळायला गेलो आणि डाग घेऊन आलो.

लग्नाच्या मांडवात ताईच्या मुलीनं ते बघितले. नववीत आहे. "मामा, हे काय झालं?" मी हसत हसत सगळं सांगितलं. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "मी पण घासते. रोज. आजी म्हणते, जरा घासलंस तर उजळशील."

जवळून बघितलं तर पावडरखाली तिच्या नाकाच्या कडेला कातडी सोललेली.

आता हिला काय गार्बेज कलेक्टर सांगणार? एवढंच म्हटलं, "रंग वरच्या थरात बनत नाही गं. तो तळाशी बनतो, तू घासतेस त्याच्या खाली. तिथपर्यंत कुठलाच स्क्रब जात नाही. आणि जास्त घासलंस तर तो रंग वाढतोच. हे बघ माझे गाल."

तिनं नीट बघितले. मग म्हणाली, "पण आजीला कोण सांगणार?"

आजी म्हणजे माझी आई. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी विषय काढला. आई आधी चिडली. "मी काय वाईटासाठी म्हणते का? कौतुकानंच म्हणते." म्हटलं, "माहितीये. पण ते तिला झोंबतं." आई काही बोलली नाही, कोथिंबीर निवडत राहिली. रात्री तिनं ताईला फोन लावला आणि बराच वेळ आतल्या खोलीत बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही.

भाचीनं परवा फोटो पाठवला. नाक बरं झालंय. माझा एक डाग अजून आहे, पुसट.

असो. रविवार आहे, भाजी आणायचीये. सनस्क्रीन लावून निघतो.