कर्नेलचा ड्रायव्हर

परवां मावशी चार दिवसांसाठीं आमच्याकडे राहावयास आली होती. रात्रीचे दहा वाजून गेले तरी आम्ही टेबलापाशींच बसलेले पाहून तिनें विचारलें, "अरे, अजून कसलें काम?" आम्हीं मान वर न करतांच उत्तर दिलें, "कर्नेलच्या ड्रायव्हरची तपासणी चालली आहे, मावशी." ती क्षणभर स्तब्ध राहिली. लष्करांतील कोणा बड्या अधिकाऱ्यानें आपल्या मोटारीचा चालक पारखण्याचें काम भाच्यावर सोंपविलें, याचा अभिमान तिच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता. मग जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "पितो का रे तो?"

हा कर्नेल लष्करांतला नव्हे. फिनलंडमधील लिनस टॉरवल्डस या विद्यार्थ्यानें 1991 सालीं लिनक्स नांवाचा जो संगणकाचा गाभा लिहावयास घेतला, तो हा कर्नेल. आज अँड्रॉइडचे सगळे फोन याच गाभ्यावर चालतात. ड्रायव्हर म्हणजे हा गाभा आणि यंत्राचा एखादा अवयव यांच्यामधला दुभाषा. जगभरचे लोक यांत सुधारणा सुचवितात, व इतरांनीं ती ओळ न् ओळ वाचून पाहावी असा रिवाज आहे. पोटाचा उद्योग आटोपल्यावर हें वाचनाचें काम आम्ही हौसेनें करतों.

या खेपेस जी सुधारणा आली ती अगदींच चिमुकली होती. तारेनें जोडावयाच्या एका कळफलकाच्या कळांखालीं दिवे आहेत. ते कमीजास्त करण्याची सोय लिनक्समध्यें नव्हती. कंपनीनें हुकुमांची भाषा कोठें छापलेली नाहीं. ब्राझिलमधील एका विद्यार्थ्यानें तारेंतून जाणारे संदेश टिपून टिपून ती स्वतःच उलगडली आणि दोनशे ओळींचा ड्रायव्हर लिहिला.

एवढ्याशा दिव्याला काय तपासावयाचें, असें वाचकांस वाटेल. आम्हांसही एकदां तसेंच वाटलें होतें. तीन वर्षांपूर्वीं अशीच एक किरकोळ सुधारणा आम्हीं डोळ्यांवर झोंप असतां वाचली आणि खालीं "तपासलें" म्हणून आपलें नांव घातलें. शेवटचें पान वाचलेंच नव्हतें. पुढें कोणा अनोळखी माणसानें कळफलकाची तार उपटली आणि त्याचा संगणक जागच्या जागीं थिजला; रात्रभर लिहिलेलें सारें गेलें. गाभ्यांतल्या चुकीला आडोसा नसतो. एखादा साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटा मरतो; गाभ्यांतला दिवा बिघडला तर सारें घर अंधारांत जातें. त्या चुकीखालीं आमचें नांव अजूनही तसेंच आहे.

म्हणून या मुलाचा ड्रायव्हर आम्हीं कसून वाचला. पहिला दोष नांवाचा होता. अशा दिव्याच्या नांवाच्या शेवटीं "केबीडी_बॅकलाइट" हीं अक्षरें असावीं असा संकेत आहे. तीं नसलीं तर पडद्यावरची प्रकाशाची पट्टी त्याला ओळखत नाहीं. शिवाय एकदां लोकांचे प्रोग्राम त्या नांवावर विसंबले कीं तें बदलतां येत नाहीं. बारसें एकदांच.

दुसरा दोष गंभीर होता. कळफलकाला हुकूम पाठविला कीं उत्तर येईपर्यंत थांबावें लागतें. आमच्या परिभाषेंत याला "झोंपणें" म्हणतात. परंतु दिवा ठराविक वेळानें लुकलुकवावयाचा असला म्हणजे हुकूम अशा घटकेला येतो कीं त्या वेळीं झोंपणें सर्वथा वर्ज्य. ज्या दिव्यांना थांबावें लागतें त्यांच्यासाठीं गाभ्यानें 2016 पासून वेगळें दार ठेवलें आहे; मुलगा चुकीच्या दारानें शिरला होता. तिसरा दोष पाहून तर आमच्या अंगावर कांटाच आला. तार उपटल्यावर राहिलेलें काम रद्द न करतांच जागा मोकळी केली होती. तीच आमची जुनी चूक!

आम्हीं लिहिलें, "हें चालणार नाहीं." दुसऱ्या खेपेसही तेंच. तिसऱ्या खेपेस उत्तर आलें: "माझ्या यंत्रावर सगळें नीट चालतें. माझी परीक्षा जवळ आली आहे. खोलींत सोबती झोंपतो, म्हणून दिवा मालवून टंकतां यावें एवढ्यासाठीं हें लिहिलें होतें. इतका त्रास असेल तर राहूं द्या."

तें वाचून आम्ही ओशाळलों. तिन्ही पत्रें पुन्हां काढून पाहिलीं. दोष सारे खरे होते. पण तो दोष कां, हें एकदांही सांगितलें नव्हतें, आणि संदेश टिपून भाषा उलगडण्याच्या त्याच्या चिकाटीविषयीं एक अक्षर नव्हतें. इंग्रजी दोघांनाही परकी. त्यांत तुटकपणा लगेच उमटतो, आपुलकी मात्र मुद्दाम लिहावी लागते. आमच्या जुन्या चुकीचा राग आम्ही त्या पोरावर काढीत होतों.

त्या रात्रीं आम्हीं लांब पत्र लिहिलें. थिजलेल्या संगणकाची हकीकत सांगितली, आणि ती चूक आमच्याच नांवावर आहे हेंही सांगितलें. आमच्याकडे दहा वाजले म्हणजे तिकडे दुपारचा दीड. अर्ध्या तासांत उत्तर आलें. परीक्षेनंतर चवथी आवृत्ति आली. तो कळफलक आमच्यापाशीं नाहीं. तेव्हां "चालवून पाहिलें" असें आम्हांस लिहितां येईना. शेवटच्या ओळीपर्यंत दोनदां वाचून आम्हीं "तपासलें" एवढेंच लिहिलें आणि खालीं नांव घातलें.

पुढें मावशीचा फोन आला. "तुझा तो ड्रायव्हर पास झाला का रे?" "झाला," आम्हीं म्हटलें. चौथ्या खेपेला परीक्षकही पास झाला, हें मात्र तिला सांगितलें नाहीं.