कोमट चोक

काकूंना आदल्या संध्याकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका. बघायलाही सेल्फ मारू नका." थंडीत सुरू न होणारी गाडी ढकलत, दुपारपर्यंत माझ्या गॅरेजात आणली की ती तोवर तापलेली असते, पहिल्या सेल्फला सुरू होते आणि मालक ओशाळतो. रोग ज्या वेळी दिसतो त्या वेळी आपण तिथे जायचं. म्हणून डिसेंबरात सकाळी साडेसहाला मी जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या काकूंच्या जुन्या वाड्याच्या दारात उभा होतो. इथली थंडी अशी, की पाना धरला तर बोटं गारठतात.

गाडी 1993ची मारुती 800. काकांनी घेतलेली, काका गेल्यावर काकूंनी जपलेली. दोन वर्षांत नवी बॅटरी, नवे प्लग, नवी कॉइल, कार्बोरेटरचं किट, सगळं बदलून झालं होतं. बिलं त्यांनी एका पाकिटात नीट ठेवली होती. तरी गाडी सकाळी घेत नव्हती, आणि घेतलीच तर गल्लीतून मुख्य रस्त्याला वळताना पाय दिला की एक झटका खायची, जणू श्वास अडकला.

चोक पूर्ण ओढला, सेल्फ मारला. इंजिन जड फिरलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मारल्यावर चोकची मूठ आत ढकलायला गेलो तर मुठीमागचा धातूचा दांडा बोटांना कोमट लागला. बाहेर दव पडलेलं, स्टिअरिंग बर्फासारखं आणि चोक कोमट! मी तिथेच थांबलो.

सेल्फ फिरवायला शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो. तो बॅटरीतून जाड तारेने सेल्फकडे जातो, आणि तितकाच करंट इंजिनातून बॅटरीकडे परत यावा लागतो. ही परतीची वाट म्हणजे अर्थिंगची पट्टी. ती गंजली, बोल्टखाली रंग-गंजाचा थर साचला की करंटला वाट उरत नाही. मग तो मिळेल त्या धातूतून परततो. चोकची केबल एका टोकाला कार्बोरेटरला आणि दुसऱ्या टोकाला बॉडीला धरलेली, त्यामुळे बिचारी तीच तापते. मीटरची एक सळई इंजिनाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि काकूंना सेल्फ मारायला सांगितलं. काटा दोन व्होल्टच्या पुढे गेला. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त मानतो आम्ही. बारा व्होल्टांतले दोन वाटेतच गेले, शिवाय सेल्फ फिरताना बॅटरी स्वतःही दबते. उरलेल्यात कॉइलने ठिणगी कसली द्यायची? थंडीत तेल घट्ट, इंजिन जड, म्हणून सकाळी रोग दिसायचा, दुपारी लपायचा. नवी बॅटरी घातल्यावर महिनाभर बरं वाटलं होतं, त्याचं कारणही हेच.

पट्टी काढली, बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवी पट्टी आवळली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

हे बोटांनी बघायचं मी जोंग्यावर शिकलो. जोंगा ही आमच्या शहराचीच गाडी. 1969 साली इथे व्हीकल फॅक्टरी उभी राहिली आणि निसान पॅट्रोल या गाडीच्या परवान्यावर ती सैन्यासाठी बनू लागली. नावातलं पहिलं अक्षर 'जे' जबलपूरचं. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. लिलावात निघालेल्या जोंग्या आमच्याकडे यायच्या तेव्हा मी उस्तादांच्या हाताखाली पोरगा होतो. उस्ताद पान्याला हात लावायच्या आधी ड्रायव्हरला विचारत बसायचे: थंड असताना घेत नाही की गरम असताना? किती वेळ उभी होती? झटका पाय देतानाच बसतो की चढावरही? एवढ्या उत्तरांत निम्मी गाडी उघडून व्हायची. आजही मला ही सवय सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती नव्या पोरांत कमी होत चालल्याचं खरोखर वाईट वाटतं. इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लावतात, तो म्हणेल ते बदलतात. पण पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थोडंसंच खोटं बोलत असेल तर स्कॅनरलाही ते खरंच वाटतं, आणि थंड इंजिनाला गरम समजून पेट्रोल कमी सोडलं जातं.

मे महिन्यातली तक्रार उलटी असते. लोक इथल्या ग्वारीघाटाला जाऊन येतात, गाडी दहा मिनिटं उन्हात उभी करतात आणि मग ती सुरू होत नाही. जुन्या मारुतीचा पेट्रोलपंप इंजिनालाच लागून, तिथल्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत राहतो. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, थोडं थांबायचं. तेवढंच.

काकूंच्या झटक्याकडे वळतो. पाय दाबला की हवा क्षणात आत धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. तेवढी फट भरायला कार्बोरेटरात छोटा पंप असतो, तो पाय देताच पेट्रोलची पिचकारी मारतो. इंजिन बंद ठेवून फिल्टर काढायचा, टॉर्च मारायची आणि हाताने रेस द्यायची. सणसणीत धार दिसायला हवी. इथे धार नव्हतीच, थेंब ओघळला. वर्ष-दीड वर्षापूर्वी टाकलेल्या किटमधला रबरी पडदा फुगून वेडावाकडा झाला होता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या जातीच्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मागवला, बसवला, धार आली, झटका गेला.

आणि बारा दिवसांनी परत आला.

मी पडद्यालाच दोष देणार होतो, पण काकूंनी स्वतःहून सांगितलं, "अरे, टाकी अर्ध्याखाली आली की होतं बघ. आणि सकाळीच." काकू शाळेत विज्ञान शिकवायच्या, असं निरीक्षण करणारी गिऱ्हाइकं मिळायला भाग्य लागतं. टाकीच्या तळाचं पेट्रोल लोणच्याच्या स्वच्छ बरणीत काढलं आणि ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळाने मधोमध आडवी रेघ दिसू लागली. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा गढूळ थर, त्यात गंजाची बारीक पूड.

टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. पावसाळाभर गाडी अंगणात उघड्यावर उभी, पाणी आत झिरपत राहिलं. इथेनॉल पाणी आपल्यात सामावून घेतं, म्हणून चार महिने काही कळलं नाही. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि थंडी वाढली की ती मर्यादा खाली येते. मग पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते.

टाकी उतरवून धुतली, दोन दिवस वाळवली, झाकण बदललं. काकूंनी त्यांची बरणी परत मागितली नाही. झाकण घट्ट लावून ती मी गॅरेजच्या खिडकीत ठेवलीय. सकाळचं ऊन आलं की ती रेघ रस्त्यावरूनही दिसते.